डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच

सकाळी ७.४०. ठाण्याहून ऐरोलीकडे निघालेल्या लोकलमध्ये होमिओपॅथीची पदवी घेतलेली, बी.फार्म. झालेली, फिजिओथेरपी शिकलेली मुलंमुली शेजारीशेजारी उभी असतात. दवाखाना कुणाचाच नाही. सगळे मेडिकल कोडर. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नोंदी वाचायच्या आणि त्यांतल्या प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा, हे आमचं काम. बिलाचे पैसे द्यायचे की नाही, हे ठरवताना तिकडची विमा कंपनी तो कोड बघते. अमेरिकेचं काम म्हटलं की लोक रात्रपाळी गृहीत धरतात. ती बहुतेक विमा कंपन्यांना फोन करणाऱ्यांच्या वाट्याला येते. आमचे पेशंट आधीच तपासून घरी गेलेले असतात. कागद कुठे पळून जात नाहीत.

८.३०. फोन लॉकरमध्ये. टेबलावर पेन नाही, कागदाचा चिटोरा नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवणारा तिकडचा १९९६ चा हिपा कायदा इथे असा पाळला जातो.

९.००. आज माझ्या रांगेत एंडोक्रिनॉलॉजीच्या ओपीडीचे चार्ट आहेत, म्हणजे मधुमेह आणि थायरॉइड. पहिलाच चार्ट सरळ निघतो. तिशीतली बाई, वजन उतरलेलं, हात थरथरतात, डोळे पुढे आलेले, गळ्याशी सूज. शेवटी डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलंय: ग्रेव्ह्ज डिसीज, मेथिमॅझोल चालू. ई०५.००. पुढचा चार्ट.

हा कोड कसा वाचायचा? ई०५ म्हणजे थायरॉइड संप्रेरकांचा अतिरेक. टिंबानंतरचा पहिला अंक कारण सांगतो. ० असेल तर सगळी ग्रंथी सुजलेली, १ असेल तर एकच गाठ, २ असेल तर अनेक गाठी. शेवटचा अंक एवढंच सांगतो, की थायरॉइड स्टॉर्म होतं की नव्हतं. ताप चढलेला, नाडी बेफाम, माणूस भ्रमात, अशी ती जीवघेणी अवस्था. असेल तर १, नसेल तर ०. ओपीडीच्या चार्टात १ सहसा दिसत नाही. तो पेशंट अतिदक्षता विभागात असतो. गळ्यात गाठी आहेत पण संप्रेरकं बरोबर आहेत, तर ई०५ उघडायचंच नाही, शेजारच्या ई०४ मध्ये जायचं. आयोडीन कमी पडून झालेला गलगंड आणखी वेगळा, ई०१. तो मला क्वचितच भेटतो. १९२४ मध्ये मिशिगनमध्ये आयोडीनयुक्त मीठ दुकानात आलं आणि तिकडचा गलगंडाचा जुना पट्टा ओसरत गेला.

१०.३०. दोन ओळींचं भांडण. वरच्या ओळीत ‘मल्टिनोड्युलर गॉइटर’, चार ओळी खाली ‘हायपरथायरॉइडिझम’. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे, असं डॉक्टर कुठेच म्हणत नाहीत. नवा कोडर इथे ई०४.२ आणि ई०५.९० असे दोन कोड लावून मोकळा होतो. पण कोडच्या सूचीत हायपरथायरॉइडिझमखाली ‘सह’ म्हणून गॉइटर दिलेलं आहे, आणि सूचीत ‘सह’ असलं की डॉक्टरांनी नाकारलं नसेल तोवर संबंध धरायचा, असा नियम आहे. म्हणून एकच कोड, ई०५.२०. गंमत अशी, की त्याच नियमाने नुसतं ‘गॉइटर’ आणि ‘हायपरथायरॉइडिझम’ लिहिलं असेल तर ई०५.०० येतो. म्हणजे ग्रेव्ह्जचं नावही न घेतलेला पेशंट ग्रेव्ह्जच्याच कप्प्यात जाऊन बसतो. हे मला आजही पटत नाही. तरी लावते.

११.१५. या बाईचा चार्ट मला दिवसभर पुरतो. टीएसएच जवळपास शून्य, टी४ चढलेलं, टीएसएच रिसेप्टरच्या विरोधातली अँटिबॉडी पॉझिटिव्ह. शरीरशास्त्राची परीक्षा दिलेला कुणीही सांगेल, की हा ग्रेव्ह्ज. डॉक्टरांच्या निदानात मात्र एकच शब्द: हायपरथायरॉइडिझम. मला काय कळतं, याला इथे काडीची किंमत नाही. प्रयोगशाळेच्या आकड्यांवरून कोडरने निदान करायचं नसतं. कोड ई०५.९०, म्हणजे कारण न सांगितलेला.

मग डॉक्टरांना क्वेरी. तीही जपून. ‘हा ग्रेव्ह्ज आहे ना?’ असं विचारता येत नाही. ते डॉक्टरांच्या तोंडात उत्तर घालणं झालं. आकडे मांडायचे आणि पर्याय द्यायचे: ग्रेव्ह्ज, टॉक्सिक गाठ, थायरॉइडायटिस, अन्य, सांगता येत नाही. डॉक्टर आता झोपलेले असतील. उत्तर लवकरात लवकर उद्या.

लोक या शिस्तीला कारकुनी म्हणतात. मी म्हणत नाही. मी ऐरोलीत बसून लावलेलं निदान त्या बाईच्या नोंदीत वर्षानुवर्षं राहील. तिचा गळा मी चाचपलेला नाही.

१.००. डबा. लॉकरमधून फोन काढला तर आत्याने रिपोर्टचा फोटो पाठवलेला: ‘टीएसएच कमी आलंय, काय गं हे?’ आत्या केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते. त्यांचा डोस मोठा असेल तर काही तपासण्यांत टीएसएच खोटंच कमी दिसतं. ‘गोळ्यांचं डॉक्टरांना सांग,’ एवढंच लिहिलं.

२.००. हृदयाच्या ठेक्यासाठी अमिओडॅरोन घेणारे आजोबा. त्या गोळीत आयोडीन भरपूर, त्यातून थायरॉइड भडकलं. डॉक्टरांनी कारण लिहिलंय, म्हणून काम सुखाचं: आधी ई०५.८०, मग औषधाच्या दुष्परिणामाचा टी४६.२एक्स५ए. क्रम उलटला तर दुरुस्तीसाठी परत येतं.

३.३०. ‘प्रोबेबल ग्रेव्ह्ज’. ओपीडीत ‘बहुधा’, ‘शंका’ असल्या शब्दांना कोड नसतो. जे दिसलं ते लावायचं: धडधड आर००.२, वजन घटणं आर६३.४, थायरॉइड तपासणी बिघडलेली आर९४.६. हेच ‘प्रोबेबल’ इस्पितळात भरती असलेल्याच्या डिस्चार्ज समरीत असतं, तर ग्रेव्ह्ज पक्का धरून कोड लावला असता. नवीन मुलं इथे हमखास चिडतात आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

४.३०. ऑडिट. आमच्याकडे अचूकता ९५ टक्क्यांच्या खाली गेलेली चालत नाही. ऑडिटरने एक चार्ट परत पाठवलाय: सॉफ्टवेअरने ग्रेव्ह्ज सुचवला होता, तुम्ही काढलात, का? कारण नोंद नीट वाचली. बाईंना रेडिओॲक्टिव्ह आयोडीन देऊन झालंय, ग्रंथी थंडावलीय, आता थायरॉइडची गोळी चालू आहे. ‘ग्रेव्ह्ज’ हा शब्द जुन्या भेटीच्या नोंदीतून दर वेळी तसाच चिकटत आलाय. आज डॉक्टरांनी उपचार केलाय तो आयोडीननंतरच्या हायपोथायरॉइडिझमवर, ई८९.०. ऑडिटरने मान्य केलं. सॉफ्टवेअर उद्याही ग्रेव्ह्जच सुचवेल.

६.००. लॉग आउट.

मी दिवसभर लावले ते कोड आयसीडी-१० च्या अमेरिकी आवृत्तीतले. आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेचा मूळ आयसीडी-१० चालतो. त्यात स्टॉर्मसाठी शेवटी वेगळा अंक नाही, स्वतंत्र ई०५.५ आहे. आपल्या आरोग्य विम्याच्या क्लेम फॉर्ममध्ये हॉस्पिटलने भरायच्या भागातही आयसीडी-१० कोडची चौकट असते. ती भरणाराही समोरचा कागद बघूनच भरतो. तेव्हा घरातल्या कुणाच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘थायरॉइड’ लिहिलेलं दिसलं, तर बिलाच्या काउंटरवर जाण्याआधी डॉक्टरांना गाठा आणि पूर्ण निदान लिहून घ्या: गाठ एक की अनेक, ग्रेव्ह्ज की औषधामुळे, आणि कारण अजून कळलेलं नसेल तर तेही.