बर्फातील क्रौंच आणि प्रकाशमापकाचा भ्रम

बर्फाळ प्रदेशात पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यास प्रथमच गेलेल्या मनुष्याच्या पदरी बहुधा निराशा येते. आकाश निरभ्र असते, डोळे दिपावेत असे ऊन पडलेले असते, कॅमेराही उत्तम असतो. आणि तरीही चित्रात बर्फ उतरतो तो राखेच्या रंगाचा, व पक्षी मळकट. येथे उजेड कमी पडलेला नसतो. उजेडाच्या विपुलतेनेच यंत्राची फसगत झालेली असते.

ही फसगत जपानच्या उत्तरेस होक्काइदो बेटावर, कुशिरोच्या पाणथळ प्रदेशात, फार स्पष्ट दिसते. हिवाळ्यात तेथे लाल मुकुटाचे क्रौंच एकत्र जमतात. जपानी लोक त्यास ‘तांचो’ म्हणतात. आपल्या सारसाचाच हा भाऊबंद. उंची सुमारे दीड मीटर, अंग शुभ्र, मान काळी आणि टाळूवर तांबडी उघडी कातडी. पांढऱ्या भूमीवर पांढरा पक्षी, आणि त्याच्याच अंगावर गर्द काळा रंग! छायाचित्रकाराची यापेक्षा कठीण परीक्षा क्वचितच होत असेल.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश मोजतो. वस्तू मुळात पांढरी की काळी हे त्यास ठाऊक नसते. जग सरासरीने करडे आहे, पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के ते परत पाठविते, असे स्थूलमानाने गृहीत धरून त्याची रचना केलेली असते. गवत, माती, झाडांची खोडे यांच्या बाबतीत हे गृहीत चालून जाते. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवितो. अठराच्या जागी नव्वद, म्हणजे पाचपट! करड्याच वस्तूवर पाचपट ऊन पडले आहे अशी यंत्राची समजूत होते. ते प्रकाशात काटछाट करते आणि बर्फ करडा होऊन बसतो. आजचे कॅमेरे दृश्य ओळखण्याचा यत्न करतात खरे, परंतु ही भूल पुरती टळत नाही.

उपाय ऐकावयास उलटा वाटतो. डोळे दिपविणाऱ्या उजेडात कॅमेऱ्यास आणखी प्रकाश द्यावयाचा! (परिभाषेत यास ‘उद्भासन’ म्हणतात, अनुवादकाला ‘प्रकाश देणे’ हेच अधिक बोलके वाटते.) एक ‘स्टॉप’ वाढविला की प्रकाश दुप्पट होतो, दोन वाढविले की चौपट. चौकट बर्फानेच भरली असेल तर दीड ते दोन स्टॉप वाढवावे लागतात.

पण उन्हात उभा असलेला क्रौंच या नियमालाही मुरड घालावयास लावतो. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावरील प्रत्येक बिंदूची प्रकाश साठविण्याची मर्यादा ठरलेली असते. भरल्या घागरीवरून पाणी वाहून जावे, तसा त्यापुढचा प्रकाश नोंदलाच जात नाही. मग पिसांच्या जागी नुसता कोरा डाग उरतो. काळोखा राहिलेला भाग मागाहून काही अंशी उजळता येतो. पुसली गेलेली पिसे परत येत नाहीत. म्हणून एखाद्या स्टॉपवर थांबून हिस्टोग्राम पाहावा आणि आलेख उजव्या कडेस आदळत नाही याची खात्री करावी. ऊन स्थिर असेल तर हे माप हाताने कायम करून ठेवणेच बरे. क्रौंच बर्फावरून उडून गर्द झाडीसमोर गेला की यंत्राचे मत लगेच पालटते. त्याच्या अंगावरचे ऊन मात्र तेच असते.

पिसांचा एवढा आग्रह केवळ शोभेसाठी नव्हे. उभ्या तांचोची शेपटी काळी दिसते, पण ती शेपटीच नव्हे. मिटलेल्या पंखांची काळी पिसे तिच्यावर आलेली असतात. पक्षी उडाला म्हणजे खरी, पांढरी शेपटी प्रकट होते. येथे बर्फ साह्यासही येतो. एरवी उडत्या पक्ष्याचे पोट सावलीत बुडते. बर्फावरून उसळलेला उजेड ते खालून उजळतो.

पक्ष्याच्या जवळ जाण्याचा मोह येथे आवरावाच लागतो. शिकारीमुळे आणि पाणथळ जमीन नष्ट झाल्यामुळे हे क्रौंच जपानातून जवळजवळ नाहीसे झाले होते. १९५२ च्या मोजणीत अवघे ३३ भरले. त्या सुमारास गावकऱ्यांनी हिवाळ्यात मका घालण्यास आरंभ केला. आता संख्या दीड हजारांवर गेली आहे. इतके पक्षी एके ठिकाणी जमल्यास साथीचे भय असते, म्हणून अलीकडे हा चारा कमी करण्यात येत आहे. अशा दिवसांत विनाकारण घ्यावी लागलेली प्रत्येक भरारी पक्ष्याच्या शिधोरीतून खर्ची पडते.

त्सुरुई गावातील ओतोवा पुलावर छायाचित्रकार पहाटे पुलावरच उभे राहतात. सेत्सुरी नदी तेथे गोठत नाही. बाहेर उणे २० अंश असले तरी वाहते पाणी शून्याच्या वरच असते. क्रौंच रात्रभर त्या उथळ पाण्यात उभे असतात, कोल्ह्यापासूनही सुरक्षित. पायांकडे जाणारे उष्ण रक्त परतणाऱ्या थंड रक्तास वाटेतच ऊब देते, म्हणून शरीराची उष्णता पायांवाटे फारशी निघून जात नाही. कॅमेऱ्याच्या बॅटरीस असली सोय नाही. थंडीत तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते. एक जादा बॅटरी सदऱ्याच्या आत, अंगाशी ठेवावी.

परतताना कॅमेरा बाहेरच पिशवीत घट्ट बंद करावा, नाहीतर उबदार खोलीतील बाष्प थंड भिंगावर दवासारखे जमते. यंत्र खोलीइतके उबदार होईपर्यंत पिशवी उघडावयाची नाही. मेमरी कार्ड तेवढे आधीच, थंडीतच, काढून घ्यावे; म्हणजे चित्रे पाहण्यास ताटकळावे लागत नाही.