पेटीबंद केपाचीं रिव्हॉल्वरें व त्यांचीं उपकरणें : परीक्षेची रीति

आपल्याकडील शस्त्रसंग्राहकांचें लक्ष बहुधा पट्टा, कट्यार व तोड्याची बंदूक यांकडे असतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यांतील विलायती केपाचें रिव्हॉल्वर व त्याची लाकडी पेटी हीं परकीं म्हणून उपेक्षिलीं जातात. वस्तुतः सत्तावन सालच्या धामधुमीचें तें एक समकालीन साधन आहे. म्हणून त्याची परीक्षा कशी करावी हें येथें थोडक्यांत सांगतों.

तोड्याच्या बंदुकीस जळती वात लागे, चकमकीच्या बंदुकीस गार लागे. केपाच्या हत्यारास तांब्याची लहानशी टोपी पुरे. घोडा पडतांच टोपींतील द्रव्य पेटतें आणि ज्वाला घुंडीच्या छिद्रांतून दारूस पोंचते. आघातानें पेटणाऱ्या द्रव्याच्या या युक्तीचें पेटंट स्कॉटलंडांतील पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यानें १८०७ सालीं घेतलें. रॉबर्ट अ‍ॅडम्स याचें पाचबारी रिव्हॉल्वर १८५१ सालचें. कोल्टचा लंडन येथील कारखाना १८५३ पासून १८५६ पर्यंत चालला. अ‍ॅडम्सचें मूळ हत्यार केवळ चाप ओढून उडे. घोडा अंगठ्यानेंही चढवितां येण्याची सोय पुढें बोमॉन्टच्या सुधारणेनें झाली.

हे सन ध्यानांत ठेवल्यास कित्येक दंतकथांचा निकाल आपोआप लागतो. अ‍ॅडम्सचें रिव्हॉल्वर दाखवून तें १८४४-४५ च्या कोल्हापूर-सावंतवाडीकडील गडकऱ्यांच्या बंडांतील आहे असें कोणी सांगेल, तर तें कालदृष्ट्या असंभवनीय होय.

पेटी सामान्यतः ओक किंवा महोगनी लाकडाची असून आंत बनात लाविलेली असते. इंग्रजी पद्धतींत सरळ फळ्यांचे कप्पे असतात. फ्रेंच पद्धतींत प्रत्येक वस्तूच्या आकाराची खोबण कोरलेली असते. रिव्हॉल्वरासोबत दारूची कुपी, गोळ्यांचा साचा, टोप्यांची डबी, गज, पेंचकस, घुंडी काढण्याची किल्ली व तेलाची बाटली इतकीं उपकरणें अपेक्षावीं. झांकणाच्या आंतल्या बाजूस विक्रेत्याच्या नांवाची चिठ्ठी असते.

पोथीच्या परीक्षकास येथें नवें कांहीं शिकावयाचें नाहीं. चिठ्ठी ही पुष्पिका होय. कारखान्याचे अंक व परीक्षणगृहाचे छाप हें हस्ताक्षर होय. आणि मागाहून घातलेलें उपकरण हा प्रक्षेप होय. पुष्पिका जशी दुसऱ्या पोथीची चिकटवितां येते, तशी चिठ्ठीही. म्हणून चिठ्ठीवरील पेढीचा काळ व हत्याराचा काळ जुळतो कीं नाहीं तें प्रथम पाहावें.

दुसरी कसोटी मापाची. इंग्रजी हत्याराचें माप एका रत्तल शिशाच्या किती गोल गोळ्या होतात यावरून सांगत. ५४ मापाच्या नळीचा व्यास सुमारें ०.४४ इंच भरतो. साच्यावर ८० चा अंक आणि हत्यार ५४ चें, असें आढळल्यास त्यांचा संयोग मागाहूनचा समजावा. तिसरी कसोटी बनातीची. वस्तूखालीं झांकलेला भाग गडद राहतो व उघडा भाग विटतो. ठशाची आकृति हत्याराशीं न जुळल्यास पेटी दुसऱ्याची. तुटक वस्तु जमवून ‘पूर्ण’ पेटी बनविण्यापेक्षां रिकामा कप्पा रिकामाच ठेवणें श्रेयस्कर. त्रुटित पोथींत आपण स्वतःचे श्लोक घालीत नाहीं.

एतद्देशीय घरांत अशीं हत्यारें कां विरळ, हाही प्रश्न विचारार्ह आहे. १८५७ च्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्यानें शस्त्रें सरकारजमा होऊं लागलीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुधोळ संस्थानांतील हलगलीच्या बेडरांनीं हत्यारें देण्याचें नाकारून प्राण वेंचिले. पुढें १८७८ च्या कायद्यानें परवान्याचा निर्बंध सर्वत्र दृढ झाला. अशा स्थितींत हत्यार गेलें तरी कुपी किंवा साचा मागें राहणें शक्य होतें. असा साचा घरीं निघाल्यास तो मोडींत घालूं नये. त्यावरील अंक हीच एका नष्ट हत्याराची साक्ष असूं शकते.

धामापुरासारख्या तलावाकांठच्या गांवीं आणि एकंदर मालवण किनाऱ्यावर दमट खारी हवा लोखंडाचा शत्रु आहे. ओक लाकडांतील आम्लही गंज वाढवितें. म्हणून हत्यार पेटींत कायम न ठेवतां तेलाचा पातळ हात देऊन निराळें ठेवावें. पितळेवरील जुना रंग चिंचेनें घांसून उजळ करूं नये, कारण त्याबरोबर अक्षरेंही झिजतात. हत्यार भरलेलें असूं शकतें, व जुन्या टोप्या आजही पेटूं शकतात. तेव्हां त्यांस हात लावण्यापूर्वीं जाणत्यास दाखवावें.

शेवटीं कायद्याविषयीं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमान्वयें केवळ जुनेपणानें सूट मिळत नाहीं. दुरुस्ती करूनही उडवितां येणार नाहीं अशाच कालबाह्य हत्यारास ती आहे. यास्तव संग्राहकानें अगोदर अधिकाऱ्यांकडून खात्री करून घ्यावी. मग प्रत्येक अंक, छाप व चिठ्ठी यांची नक्कल उतरून ठेवावी. वस्तु हातची गेली तरी टिपण राहतें, आणि इतिहासास तेंही उपयोगी पडतें.