माठ, केळी आणि कलियुगाचा ‘पुरावा’

जळगावात मध्यंतरी एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते म्हणाले, सर्व व्यवस्था काळाबरोबर विस्कटत जाते हे आता पदार्थविज्ञानानेच मान्य केले आहे. एंट्रॉपी म्हणजे आपल्या पूर्वजांनी सांगितलेले कलियुगच, आणि वर्णसंकर हे तिचे समाजातले रूप. टाळ्या पडल्या. टाळ्यांचे मला नवल वाटले नाही. वाईट वाटले ते आपल्यातलेही दोघेचौघे मान डोलावत होते याचे. विज्ञानाचे नाव निघाले की आपण जरा लवकरच गप्प बसतो. तेव्हा हा नियम नेमके काय सांगतो, ते आपल्या खानदेशातल्याच वस्तूंवरून पाहू.

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. पिंपातले पाणी तापते, माठातले गार राहते. उष्णता आपण होऊन गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, उलटी कधी जात नाही. मग भोवताली भट्टी पेटली असताना माठ गार कसा? माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार व्हायचे तर निदान १७० ग्रॅम पाणी उडून जावे लागते. उडालेली वाफ घरभर पसरते. ती पुन्हा गोळा होऊन माठात शिरल्याचे कुणी पाहिलेले नाही. म्हणजे आतल्या गारव्याची किंमत बाहेर चुकती होते. शिवाय माठ रोज कुणीतरी भरावा लागतो. गावच्या माठाला आपल्या वाडवडिलांना हात लावू दिला जात नव्हता. त्यातल्या पाण्याच्या नियमाला मात्र शिवाशिव ठाऊक नाही.

या पसरण्याचे माप म्हणजे एंट्रॉपी. हा शब्द क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ साली घडवला. पुढे बोल्ट्झमनने त्याचा अर्थ उलगडला. बाहेरून एकच दिसणारी स्थिती आतल्या कणांच्या किती निरनिराळ्या मांडण्यांनी घडू शकते, त्याचा हा हिशेब आहे. वाफ माठाशीच गोळा राहण्याच्या मांडण्या थोड्या, घरभर पसरण्याच्या अगणित. म्हणून ती पसरते. एंट्रॉपीला सर्रास ‘अव्यवस्था’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. या मापात चांगले-वाईट, उच्च-नीच असे काही नाही.

आता रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यात चला. घड कापला म्हणून केळे मरत नाही. त्याचे श्वसन चालूच असते. हिरव्या केळ्याच्या गरात सुमारे २० टक्के पिष्ट असते. पिकताना त्याची साखर होत जाते आणि शेवटी एखाद-दुसरा टक्काच उरतो. एका केळ्यातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या केळ्यालाही पिकवतो. शीतगृहात १३-१४ अंशांवर ठेवले तर हे सारे मंदावते; त्याहून फार थंड केले तर साल काळी पडते. मंद करता येते, पण मागे फिरवता येत नाही. पिकलेले केळे हिरवे करून देणारे यंत्र जगात नाही. आणि नुसते मंद करण्यासाठीसुद्धा किंमत मोजावी लागते. शीतगृहाच्या मागच्या बाजूला उभे राहून पाहा, अंगावर झळा येतात. आतली उष्णता अधिक यंत्राने ओतलेली उष्णता, असे दोन्ही मिळून तिथे बाहेर पडते. घड वाहणारा हमाल घटकाभर टेकतो तोही बहुधा त्याच बाजूला.

त्या यंत्राला वीज लागते. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा वीज होतो. बाकीची उष्णता शीतक मनोऱ्यांतून आणि धुरांड्यातून हवेत जाते. ती नष्ट होत नाही, पण पुन्हा कामालाही येत नाही.

नष्ट न होणे आणि परत न येणे यांतला फरक आपल्याला फार जवळचा आहे. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात पुनर्जन्माचा विचार करताना ऊर्जेच्या अक्षय्यतेचा आधार घेतला आहे. मृत्यू म्हणजे शरीरातली ऊर्जानिर्मिती थांबणे आणि असलेली ऊर्जा विश्वातल्या साठ्यात मिसळणे. एंट्रॉपीचा नियम त्याला एवढीच पुस्ती जोडतो की, मिसळलेले पुन्हा तसेच्या तसे वेगळे होत नाही. मग गेल्या जन्मीच्या पापाचे गाठोडे घेऊन तोच माणूस या जन्मी अमुक जातीत येतो, हे विज्ञानाच्या कोणत्या नियमात बसते?

राहिले कलियुग. एंट्रॉपी वाढतच जाते हे खरे, पण ते चहूबाजूंनी बंद असलेल्या जगाला लागू. पृथ्वी बंद नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला. तो ज्या उन्हावर चालतो त्याच उन्हावर केळीचा मळाही वाढतो. सूर्याकडून प्रकाशाचा एक कण येतो, त्याच्या बदल्यात पृथ्वी सुमारे २० क्षीण, न दिसणारे कण अवकाशात सोडते. या व्यवहारात एकूण एंट्रॉपी वाढते आणि तरीही इथे अंकुर फुटतात, मुले शिकतात, नव्या व्यवस्था उभ्या राहतात. श्रोडिंजरने १९४४ साली सजीवांबद्दल हेच सांगितले : ते भोवतालातून सतत काही घेऊनच आपली घडी टिकवतात. सगळे विस्कटतच जाणार असते तर सूर्याखाली गवताचे पातेही उगवले नसते.

माणसे म्हणजे वायूचे रेणू नव्हेत. तेव्हा या नियमातून मी जातिअंताचा सिद्धांत काढणार नाही. वक्त्यांनीही जातिरक्षणाचा काढू नये. पण काढायचाच हट्ट असेल तर एक प्रश्न उरतो. आपोआप टिकेल अशी ती नैसर्गिक घडी होती, तर संकर होऊ नये म्हणून मनुस्मृतीला एवढे नियम आणि एवढ्या शिक्षा कशाला लिहाव्या लागल्या?

हे मी त्या दिवशी विचारणार होतो, पण प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलेला नव्हता. बाहेर पडताना व्हरांड्यातल्या माठातले पाणी प्यायलो. चांगले गार होते. आभाराच्या भाषणात मंडपवाल्यापासून फुलवाल्यापर्यंत सगळ्यांची नावे आली होती. माठ भरणाऱ्याचे नव्हते.