शेरू नाचत नव्हता

भर दुपारी देवळाबाहेर चपला काढून तापलेल्या फरशीवर कधी पाय ठेवलाय? आमचं शेगाव तीर्थाचं गाव. त्यामुळे अनवाणी पाय म्हणजे काय हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. पहिलं पाऊल ऐटीत पडतं. दुसऱ्या पावलाला डोळे मोठे होतात. तिसऱ्यापासून तर आजोबासुद्धा टुणटुण उड्या मारत सावली गाठतात! आपण बघतो, हसतो आणि मग आपलीही तीच गत होते.

हे सगळं आज आठवलं ते एका वहीमुळे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. ऊन वाढलं की आमच्याकडच्या शाळा सकाळच्या होतात. अशाच एका एप्रिलमध्ये मी चौथीच्या मुलांना गृहपाठ दिला होता, ‘घरातल्या प्राण्याला फिरायला न्या आणि जे दिसेल ते दहा ओळींत लिहा.’ कुणी शेळीवर लिहिलं, कुणी वासरावर. एकाने आपल्या शेरू नावाच्या कुत्र्यावर लिहिलं होतं. ‘शाळा सुटल्यावर मी शेरूला रोडवर नेले. शेरू खूप गंमत करतो. तो एक पाय उचलतो, मग दुसरा उचलतो. तो नाचतो. मग खाली बसतो. पट्टा ओढला तर रडतो. तो खूप जिद्दी आहे. आम्ही सर्व हसलो.’

वाचून मीही हसले. लाल शाईने ‘छान निरीक्षण!’ असा शेरा मारला आणि वही परत दिली.

चार दिवसांनी त्याच गल्लीतून जाताना शेरू दिसला. ओट्याच्या सावलीत पडून पुढचा पंजा चाटत होता. चाटून चाटून केस ओले झाले होते. “काय रे झालं ह्याला?” मी विचारलं. “काही तरी रुतलं असंल मॅडम,” मुलगा म्हणाला, “चालतच नाही.” त्याच्या आईने हलक्या हाताने पंजा वर केला. रुतलेलं काहीच नव्हतं. पंजाखालच्या काळ्या गादीचं कातडं सुटलं होतं आणि आत लालभडक दिसत होतं.

तेव्हा मला वहीतली ती ओळ आठवली. माझा शेराही आठवला. शेरू नाचत नव्हता हो! त्याचे पाय भाजत होते. आणि पट्टा धरणाऱ्याच्या पायात चप्पल होती, शेरा मारणारीच्या पायातही होती.

आता तुम्ही विचाराल, रस्ता तापून तापून असा किती तापणार? पेपरात आपण वाचतो, ‘अकोल्याचा पारा ४४ अंशांवर.’ पण हा आकडा रस्त्याचा नसतो बरं का! हवामान खात्याचा तापमापक एका पांढऱ्या, झरोके असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर ठेवलेला असतो. म्हणजे ते सावलीतल्या हवेचं तापमान. डांबराचा रंग काळा. काळा रंग ऊन शोषून घेतो आणि डांबर ती उष्णता धरून ठेवतं. परदेशात केलेल्या मोजणीत असं दिसलं, की हवा जेमतेम ३० अंश असताना उन्हातला डांबरी रस्ता ५५ ते ६० अंशांपर्यंत जातो. मग आपल्या वैशाखाचा हिशेब तुम्हीच करा. आपली कातडी ६० अंशांच्या वस्तूला टेकून राहिली तर पाचेक सेकंदांत भाजते. पाच सेकंद म्हणजे शेरूची किती पावलं?

“पण मॅडम, कुत्र्याचा पाय तर जाड असतो,” वर्गात एक मुलगी म्हणाली. खरं आहे. एकदा ओळखीच्या शांत कुत्र्याचा पंजा नीट पाहा. चार बोटांखाली चार छोट्या गाद्या, मध्ये एक मोठी. पुढच्या पायाला तर जरा वर आणखी एक असते. वरून खरखरीत कातडं, आत चरबी. काट्याकुट्यातून धावायला ही सोय उत्तम आहे.

या पंजात एक मोठी गंमतही लपलेली आहे. बर्फावर धावणाऱ्या कुत्र्यांचे पाय गोठत कसे नाहीत, याचा शोध जपानमधल्या शास्त्रज्ञांनी घेतला आणि २०११ साली तो प्रसिद्ध केला. पंजाकडे जाणारं गरम रक्त आणि पंजाकडून परत येणारं थंड रक्त अगदी शेजारशेजारच्या वाहिन्यांतून वाहतं. गरम रक्त थंड रक्ताला ऊब देतं, त्यामुळे अंगातली उष्णता बर्फात वाया जात नाही. आहे की नाही नवल? पण ही सगळी करामत थंडीसाठी आहे. तापलेल्या डांबरापुढे तिचा काही उपयोग नाही.

उलट उन्हाळ्यात कुत्र्याची बाजू लंगडीच. आपल्याला अंगभर घाम येतो आणि तो वाळताना गारवा देतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना, आणि तोही थोडाच. बाकी सारी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. त्यात बुटकं कुत्रं असेल तर पोट रस्त्यापासून वीतभर अंतरावर. खालून झळ, वरून ऊन.

मी वर्गात एक प्रयोग केला. सकाळी अकराच्या सुमाराला मुलांना बाहेर नेलं. हाताची मागची बाजू जमिनीला टेकवायची, मी आकडे मोजणार, चटका बसला की लगेच हात उचलायचा. निंबाखालच्या मातीवर सगळ्यांचे दहा आकडे झाले. फाटकाजवळच्या सिमेंटवर पाच-सहाला हात वर येऊ लागले. डांबरी रस्त्याच्या कडेला मी “तीन” म्हणेपर्यंत एकही हात खाली नव्हता. शेरूचा मालक मात्र “दोन”लाच उठला आणि हात पाठीमागे लपवून उभा राहिला. मी त्याला काही विचारलं नाही.

हीच परीक्षा तुम्हीही करू शकता, मात्र मोठ्या माणसाला सोबत घेऊन आणि रहदारी नसेल तिथे. सात आकडे मोजेपर्यंत हात टिकत नसेल तर तो रस्ता कुत्र्यासाठी नाही.

मग कुत्रं तरी मुकाट चालतं कशाला, असं एका पालकांनी मला विचारलं. अहो, तुम्ही पुढे चालताय म्हणून! तुमच्या मागे यायचं, एवढंच त्याला कळतं.

बैलांचं तसं नाही. बैलाच्या खुरांना आपण पत्र्या मारतो. एवढंच नव्हे, गाडी ओढणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली आपल्या देशात नियम झाले. पारा ३७ अंशांच्या वर जातो अशा भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावराला कामाला जुंपायचं नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. विदर्भात मार्च ते जून पारा ३७च्या खाली राहतो तरी किती दिवस? फिरायला नेलेल्या कुत्र्यासाठी असं वेळापत्रक त्यात नाही. ते घरातल्यांनीच करायचं.

एकनाथ महाराजांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पैठणला गोदावरीच्या तापल्या वाळूत एक चुकलेलं पोर रडत होतं. ते पोर कुणाचं, शिवायचं की नाही, असल्या प्रश्नांत नाथ अडकले नाहीत. त्यांनी त्याला सरळ कडेवर घेतलं. मला त्या गोष्टीत नेहमी वाटतं, नाथांना आधी त्या पोराचे पाय दिसले असणार.

शेरूला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध दिलं. घरी कुणी हळद-तूप लावा म्हणालं, कुणी टूथपेस्ट. तसलं काहीही लावू नका. पाय भाजल्याचं कळताच साधं गार पाणी सोडायचं आणि दवाखाना गाठायचा. बर्फही नको. कुत्रं खूप धापा टाकतंय, तोंडातून चिकट लाळ गळतेय, चालताना झोकांड्या जातायत, असं दिसलं तर तो उष्माघात असू शकतो. लगेच सावलीत घ्या, पोट आणि पाय साध्या पाण्याने भिजवा आणि मोठ्यांना हाक मारा. रस्त्यावरच्या मोकाट कुत्र्याला मात्र स्वतः पकडायला जाऊ नका. दुखावलेलं कुत्रं चावतं. त्याच्यासाठी सावलीत मातीचं पसरट भांडं भरून ठेवा आणि रोज धुवा, तेवढं पुरे.

आई-बाबांनाही एक सांगायचंय. दुचाकीला पट्टा बांधून कुत्र्याला पळवत नेणारी माणसं मी भर उन्हात पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका. आणि ‘जा रे, त्याला बाहेर फिरवून आण’ असं पोराला सांगण्याआधी घड्याळ बघा. सूर्य मावळला म्हणजे रस्ता लगेच निवत नाही. डांबर उशिरापर्यंत गरम राहतं. खरी वेळ पहाटेची. तेव्हाही शक्यतो मातीच्या कडेने चाला.

ती वही मी परत मागून घेतली. ‘छान निरीक्षण!’ हा शेरा तसाच ठेवला, कारण निरीक्षण खरंच छान होतं. त्याखाली लिहिलं, ‘मॅडमला अर्थ कळला नाही.’ मुलाने ते वाचलं आणि वही दप्तरात टाकली.

शेरूचा पाय बरा व्हायला बरेच दिवस लागले. आता तो पहाटे साडेपाचला फिरायला जातो. “मॅडम, मला झोपू देत नाही,” मालकाची नवी तक्रार आहे. “आता तोच मला ओढतो!”