दगडी बाई, मिशा आणि ‘बाबा’

युक्रेनच्या आणि दक्षिण रशियाच्या गवताळ मैदानांत मध्ययुगातले दगडी पुतळे सापडतात. अकराव्या ते तेराव्या शतकात तिथे वावरणाऱ्या किपचाक टोळ्यांनी ते घडवले. या टोळ्या तुर्की कुळातली भाषा बोलत. पुतळ्याने दोन्ही हातांनी पोटाशी एक भांडं धरलेलं असतं. काही पुतळे बायकांचे आहेत, तर काहींच्या ओठांवर सरळसरळ मिशा आहेत. रशियन भाषेत मात्र या सगळ्यांना एकच नाव आहे, ‘कामेन्नाया बाबा’, म्हणजे दगडी बाई. मिशीवाल्या योद्ध्यालाही तेच.

हे नाव मुळात तुर्की असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. तुर्की भाषांत ‘बाबा’ म्हणजे बाप, वाडवडील. तो शब्द शेजारच्या स्लाव लोकांच्या कानावर पडला तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा ‘बाबा’ आधीपासून होता. त्याचा अर्थ होता आजी, म्हातारी किंवा नुसतीच बाई. उच्चार जुळला आणि पूर्वजांच्या बायका झाल्या.

या दोन अक्षरांचा पसारा फार मोठा आहे. बाप या अर्थाने ‘बाबा’ तुर्कस्तानात चालतो, पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत चालतो, नायजेरियाच्या योरुबात आणि चीनच्या मँडरिनमध्येही चालतो. बल्गेरियात बाबा म्हणजे आजी. तिथे १ मार्चला ‘बाबा मार्ता’, म्हणजे मार्च आजी, येते आणि लोक एकमेकांच्या मनगटावर लाल-पांढरे दोरे बांधतात. जपानीतही ‘बाबा’ म्हणजे म्हातारी. हंगेरियनमध्ये ‘बाबा’ हे तान्हं बाळ किंवा बाहुली असते, आणि त्याच भाषेत पहिला ‘बा’ लांबवला की ती सुईण होते. हा सुईणीचा शब्द स्लाव शेजाऱ्यांकडून आलेला आहे, कारण बाळंतपणं करायची ती गावातल्या म्हाताऱ्यांनीच. पोलंडमधली ‘बाबा’ केक होऊन फ्रान्समध्ये गेली आणि रममध्ये भिजली. पोलंडच्या स्तानिस्वाव राजाने अलीबाबावरून तिचं नाव ठेवलं ही कथा फ्रान्समध्ये आवडीने सांगतात, पण शब्द साध्या पोलिश म्हातारीचाच आहे.

इतक्या दूरदूरच्या भाषांत एकच शब्द दिसला की मन लगेच एका मुळाकडे धावतं. सगळ्या मानवजातीची कधीकाळी एक आदिभाषा होती आणि ‘बाबा’, ‘पापा’, ‘मामा’ हे तिचे उरलेले अवशेष आहेत, असं काही संशोधकांनी खरोखर मांडलं. ब्रिटनमध्ये काम केलेले भाषाशास्त्रज्ञ लॅरी ट्रास्क यांनी या कल्पनेवर कडक टीका केली. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं, कारण भाषांचा इतिहास नेमका उलटा पुरावा देतो.

शब्द वारशाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आला तर त्याचे ध्वनी झिजतात आणि बदलतात. संस्कृतातला ‘पितृ’, इंग्रजीतला ‘फादर’, आयरिशमधला ‘अहर’ आणि आर्मेनियनमधला ‘हायर’ हे चारही शब्द एकाच मुळापासून निघाले, याबद्दल भाषाशास्त्रात वाद नाही. ते एका रांगेत ठेवून बघा. मूळचा ‘प’ संस्कृतात टिकला, इंग्रजीत त्याचा ‘फ’ झाला, आर्मेनियनमध्ये ‘ह’ झाला आणि आयरिशमध्ये तो गळूनच गेला. खरी भावंडं अशी एकमेकांना न ओळखण्याइतकी वेगळी दिसतात. मग हजारो वर्षांत ‘बाबा’ हा शब्द मात्र इस्तंबूलपासून लागोसपर्यंत एकाही ओरखड्याशिवाय कसा पोचेल? तो इतका सारखा दिसतो याचा अर्थ तो जुना नाही. ठिकठिकाणी तो नव्याने तयार झाला आहे.

जपानीत हे फार सुंदर दिसतं. तिथे आईला ‘हाहा’ म्हणतात आणि वडिलांना ‘चिचि’. १५१६ सालच्या एका जपानी कोड्यांच्या संग्रहात असं कोडं आहे की आईसाठी दोनदा भेटतात पण वडिलांसाठी एकदाही भेटत नाहीत, ते कोण? उत्तर आहे ओठ. आज ‘हाहा’ म्हणताना ओठ जवळही येत नाहीत. म्हणजे त्या काळी हा शब्द ‘फाफा’सारखा, दोन्ही ओठ जवळ आणून म्हटला जात असणार. त्याही आधी तो ‘पापा’ होता. जपानीतला प्राचीन ‘पापा’ म्हणजे आई होती, तो झिजून ‘हाहा’ झाला आणि आजची जपानी मुलं युरोपातून आलेला नवा ‘पापा’ वडिलांसाठी वापरतात.

मग हा शब्द पुन्हा पुन्हा जन्मतो कुठून? बाळाच्या जबड्यातून. साधारण सहा-सात महिन्यांचं मूल ‘बाबाबा’, ‘मामामा’ अशी लय धरतं. अमेरिकेतले पीटर मॅकनीलेज आणि बार्बरा डेव्हिस यांनी दाखवलं की यात जिभेला जवळजवळ काहीच काम नसतं. जबडा वर गेला की ओठ मिटतात, खाली आला की तोंड उघडतं आणि मधे ‘आ’ उमटतो. उघडझाप चालू राहिली की ‘बाबाबा’ आपोआप होतं. ‘क’ किंवा ‘र’ काढायला जीभ स्वतंत्रपणे नेमक्या जागी न्यावी लागते आणि ते कसब पुढे येतं.

‘ब’ आणि ‘म’ यांतलं अंतर किती थोडं आहे हे बघायचं असेल तर नाक घट्ट चिमटीत धरून ‘मामा’ म्हणा. ‘बाबा’च्या जवळ जाणारं काहीतरी ऐकू येईल. दोन्ही ध्वनींसाठी ओठ सारखेच मिटतात. फरक टाळूच्या मागच्या मऊ पडद्याचा आहे. तो खाली सैल सोडला की हवा नाकातून जाते आणि ‘म’ होतो, उचलला की ‘ब’.

मात्र हे नुसतं स्नायूंचं यंत्र नव्हे. किम्ब्रो ओलर आणि रेबेका आयलर्स यांनी १९८८ मध्ये दाखवलं की जन्मतः ऐकू न येणारी मुलं अशी स्पष्ट अक्षरं फार उशिरा, अकरा महिन्यांनंतर काढू लागतात. तोंड तयार असलं तरी कानाची साथ लागते. आणि कानालाही पुनरावृत्ती आवडते. २००८ मध्ये इटलीत जुडिट जर्वेन आणि सहकाऱ्यांनी दोन-तीन दिवसांच्या बाळांना ‘मुबाबा’सारखे आणि ‘मुबागे’सारखे निरर्थक शब्द ऐकवून त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. शेवटची दोन अक्षरं सारखी असली की मेंदू जास्त प्रतिसाद देत होता.

ध्वनी बाळाचा झाला, पण अर्थ मोठ्यांनी चिकटवला. १९५९ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून आई आणि बाप यांच्यासाठीचे १०७२ शब्द जमवले. त्यावर रोमान याकोबसन यांनी लिहिलेला निबंध आजही वाचावा असा आहे. आईच्या शब्दांत ५५ टक्के वेळा ‘म’, ‘न’ यांसारखी अनुनासिकं होती, बापाच्या शब्दांत फक्त १५ टक्के. याकोबसन यांचा खुलासा असा की स्तनपान करताना तोंड बंद असतं, तेव्हा बाळाचा हुंकार नाकातूनच निघतो. पुढे भूक लागली की तोच हुंकार आईला बोलावतो.

खुलासा देखणा आहे, पण तो नियम नव्हे. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई. तिब्लिसीच्या डोंगरावर उभ्या असलेल्या भव्य स्त्रीपुतळ्याचं नावच ‘कार्तलिस देदा’, जॉर्जियाची आई. ऑस्ट्रेलियाच्या पिटजान्टजाटजारा भाषेतही ‘मामा’ बापच आहे. आपल्याकडे ‘मामा’ आईचा भाऊ आहे, आणि ‘आई’त तर व्यंजनच नाही.

हा अर्थ मूलही लवकर उचलतं. रूथ टिनकॉफ आणि पीटर जुस्झिक यांनी १९९९ मध्ये सहा महिन्यांच्या बाळांना आईवडिलांची चित्रफीत शेजारी-शेजारी दाखवली. ‘मम्मी’ किंवा ‘डॅडी’चा उच्चार झाला की बाळं त्या-त्या माणसाकडे जास्त वेळ बघत. पडद्यावर परक्या बाई-माणसाला आणलं की तसं होत नसे. बाळाच्या लेखी तो शब्द ठरावीक माणसाचा होता.

त्या माणसाने मात्र शब्द स्वतःपुरता ठेवलेला नाही. सीरिया-लेबनॉनकडे बाप आपल्या मुलाला ‘बाबा’ म्हणूनच हाक मारतो आणि आई ‘मामा’ म्हणून. संस्कृतातलं ‘तात’ हे संबोधनही मुलाने बापासाठी आणि बापाने मुलासाठी, दोन्हीकडे वापरलेलं आहे. आणि ताटावरून उठू पाहणाऱ्या पोराला मराठी आई ‘दोन घास खाऊन घे रे बाबा’ असंच विनवते.