बाई गातात, वाळू नाचते!

आवाज पाहिलाय कधी? ऐकलाय का, असं नाही विचारत. पाहिलाय का? "काहीतरीच काय!" म्हणाल तुम्ही. पण साधारण 140 वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक बाई समोर वाळू पसरून गायच्या आणि त्या वाळूची सुबक नक्षी तयार व्हायची. हातसुद्धा न लावता!

त्यांचं नाव मार्गारेट वॉट्स ह्यूज. मूळच्या वेल्समधल्या डाउलाइसच्या. हे गाव तेव्हा लोखंडाच्या कारखान्याचं. मार्गारेटबाईंचा जन्म 1842 सालचा. गळा इतका गोड की गाणं शिकायला त्या लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गेल्या. पुढे जेनी लिंड या तेव्हाच्या नामांकित गायिकेबरोबरही गायल्या. प्रार्थनागीतांना त्यांनी चाली लावल्या. म्हणजे गायिकाही आणि संगीतकारही. पण आपल्याला त्यांचा तिसराच उद्योग बघायचाय.

झालं असं, की 1885 च्या सुमाराला बाईंना आपल्या आवाजाचा जोर मोजायची हुक्की आली. त्यासाठी त्यांनी एक उपकरण बनवलं आणि त्याला नाव दिलं आयडोफोन. तोंडाशी धरायला एक नळी, नळीचं दुसरं टोक एका पोकळ भांड्यात आणि भांड्याच्या तोंडावर ताणून बसवलेला रबराचा पातळ पडदा. पडद्यावर वाळू टाकायची, नळीत सूर लावायचा आणि वाळू किती उडते ते बघायचं. बस्स, एवढाच बेत होता.

पण वाळू नुसती उडेना. ती ठरावीक ठिकाणी जाऊन बसायला लागली! बघता बघता रेघा, वर्तुळं, चांदण्या दिसू लागल्या. सूर बदलला की नक्षी मोडायची आणि दुसरी तयार व्हायची. खालच्या सुराला साधीसुधी, वरच्या सुराला नाजूक, गुंतागुंतीची.

हे होतं कसं? आवाज म्हणजे हवेची थरथर. ती पडद्यापर्यंत पोचली की पडदाही थरथरतो. पण सगळीकडे सारखा नाही. काही जागा जोरात वर-खाली होतात, तर काही अगदी गप्प असतात. उडणारे कण शेवटी या गप्प जागांवर जाऊन थांबतात. जोरात हलणाऱ्या जागी त्यांना कोण बसू देणार? फार बारीक, हलकी पूड मात्र उलटं वागते. पडद्याच्या हलण्याने वरच्या हवेत छोटे झोत तयार होतात आणि ते तिला जास्त हलणाऱ्या जागीच गोळा करतात. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी ही गंमत 1831 मध्येच उलगडली होती.

अशा आकृत्या जगाला त्याआधीही माहीत होत्या. जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाड्नी यांनी 1787 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ते धातूच्या पत्र्यावर वाळू टाकायचे आणि पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढायचे. त्यामागचं गणित सोडवायला फ्रान्समध्ये बक्षीस ठेवलं गेलं, ते 1816 मध्ये कुणी पटकावलं माहितीये? सोफी जर्मेन यांनी. त्याही बाईच! मार्गारेटबाईंना मात्र गज लागला नाही. त्यांचा गळा पुरेसा होता.

आणि माझ्या मते खरी करामत इथेच आहे. सूर जरा हलला की आकृती विस्कटते. एकच सूर धरायचा, तोही न डगमगता, आणि हळूच लहान-मोठा करायचा. वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय हे जमत नाही.

पुढे बाईंनी वाळूऐवजी पडद्यावर ओला रंग घेतला. मग तर कमालच झाली! सुराबरोबर रंग मधोमध गोळा व्हायचा, बाहेर पसरायचा आणि फुलासारख्या पाकळ्या उमटायच्या. सूर चढवला की पाकळ्या वाढायच्या. असे आकार त्यांनी काचेवर उतरवून घेतले. काही डेझीच्या फुलांसारखे, तर काही थेट नेच्याच्या पानांसारखे. रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेतही त्यांनी हा प्रयोग करून दाखवला. 1904 मध्ये या आकृत्यांवर त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या काही रंगीत काचा वेल्समधल्या कवार्थवा कॅसलच्या संग्रहालयात आजही आहेत.

आता तुमची पाळी. प्लास्टिकचा एक रिकामा डबा घ्या. त्याच्या बाजूला मोठ्या माणसाकडून भोक पाडून घ्या आणि पुठ्ठ्याची नळी घट्ट बसवा. डब्याच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधा. त्यावर चिमूटभर बारीक मीठ किंवा रवा पसरा आणि नळीला तोंड लावून "ऊऽऽ" म्हणा. फुंकर मारायची नाही, सूर लावायचा! पहिल्यांदा मीठ नुसतंच थुईथुई नाचेल. मग हळूहळू सूर चढवत जा, आणि जिथे आकृती दिसेल तिथेच तो धरून ठेवा. घरातल्या एखाद्या गाणाऱ्या ताईला किंवा आजीलाही करायला सांगा. कुणाची आकृती जास्त वेळ टिकते, ते आम्हाला नक्की कळवा.