मॉरिशस: ओळखीच्या कातळाचं बेट

मॉरिशसला जाणाऱ्या मराठी पर्यटकाच्या कार्यक्रमात ‘साउथ टूर’चा एक दिवस हमखास असतो. सकाळी मिनीबस हॉटेलच्या दारात येते आणि क्युरपीपचं ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, ब्लॅक रिव्हरची दरी, शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती दाखवून संध्याकाळी परत आणून सोडते. टूर कुणाचीही घ्या, ठिकाणं जवळपास तीच. फरक पडतो तो गाइड काय सांगतो आणि आपण त्याला काय विचारतो यानं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना बरेच जण डुलकी काढतात. माझ्या मते या टूरचा निम्मा अर्थ त्याच वेळी खिडकीबाहेरून जात असतो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे मळे लागतात आणि मळ्यांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले, नीट रचलेले ढीग दिसतात. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, त्यामुळे जमिनीत जिथे तिथे बेसॉल्टचे धोंडे. ऊस लावायचा तर आधी ते उपसायला हवेत. डचांनी 1639 मध्ये इथे ऊस आणला, फ्रेंच आणि इंग्रजांनी तो बेटभर पसरवला, पण दगड हलवले ते आधी गुलामांनी आणि नंतर गिरमिटिया मजुरांनी. 1 फेब्रुवारी 1835 रोजी इथली गुलामगिरी कायद्यानं संपली. त्याच्या आदल्या वर्षापासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली होती. 1920 पर्यंत जवळपास पाच लाख माणसं या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून आलेली कोकणातली कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, जाखडी नाचतात, आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. त्या ढिगांजवळ गाडी दोन मिनिटं थांबवायला गाइडला जरूर सांगा. तिथे तिकीट नाही, पाटी नाही, पण बेटाचा सगळा इतिहास तिथे उघड्यावर रचून ठेवला आहे.

क्युरपीपला पोचेपर्यंत हवा बदललेली असते. आग्नेयेकडून येणारे समुद्री वारे मधल्या पठारावर चढतात, थंड होतात आणि पाऊस टाकतात. सह्याद्रीच्या माथ्यावर घडतं तेच हे. किनाऱ्यावर लख्ख ऊन असतानाही ‘त्रू ओ सर्फ’चं विवर ढगात बुडालेलं असू शकतं. म्हणून पातळ जॅकेट जवळ ठेवावं, आणि ढग दिसले तर हे ठिकाण नंतर घ्यायला सांगावं. चांगला गाइड क्रम बदलायला नाही म्हणत नाही.

गंगा तलावही ज्वालामुखीच्या विवरातच साठलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तो तीर्थ म्हणून मानला जाऊ लागला आणि 1972 मध्ये त्यात गंगेचं पाणी मिसळण्यात आलं. रस्त्यालगतची 33 मीटर उंच शंकराची मूर्ती 2007 मधली. बहुतेक गाड्या तिच्या पायाशी फोटोपुरत्या थांबतात. तेवढ्यावर निघू नका, तलावाच्या काठापर्यंत चालत जा. महाशिवरात्रीला लाखो भाविक खांद्यावर कांवड घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यांतून इथे पायी येतात. मायभूमीची नदी हाताशी नव्हती, तेव्हा डोंगरातल्या एका तळ्याला तिचं नाव देणाऱ्या या माणसांपुढे मान लवते.

पुढे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे 1994 मध्ये जाहीर झालेलं राष्ट्रीय उद्यान लागतं. इथलं मूळ जंगल फार थोडं उरलं आहे. वाटेत लोक हौसेनं तोडून खातात ती लालबुंद छोटी पेरूसारखी फळं मुळात बाहेरून आलेल्या झाडाची आहेत, आणि तीच झाडं स्थानिक रोपांची वाढ गुदमरवून टाकतात. डोडो सतराव्या शतकात संपला. गुलाबी कबूतर मात्र 1990 च्या सुमाराला जंगलात जेमतेम दहाच उरलेलं असताना वाचवलं गेलं आणि आज त्याची संख्या शेकड्यांत आहे. दरीच्या कठड्यावर गाइड डोडोच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्यांना या कबुतराबद्दल विचारा.

शामारेलचा धबधबा देखणाच आहे, पण मला जास्त ओढ वाटते ती त्याच्या पुढच्या रंगीत मातीची. बेसॉल्ट उष्ण, दमट हवेत कुजतो, पाणी त्यातले विरघळणारे क्षार वाहून नेतं आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. लोहानं लाल-तपकिरी छटा येतात, ॲल्युमिनियममुळे निळ्या-जांभळ्या. कोकणातला जांभा साधारण याच क्रियेनं झाला. देवगड-राजापूरच्या सड्यावर वाढलेल्या माणसाला ही माती परकी वाटूच नये.

ल मॉर्नचा 556 मीटर उंच डोंगर अनेक टूर फक्त लांबून दाखवतात. पळून गेलेले गुलाम याच्या कड्यांवर आसरा घेत, म्हणून 2008 मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवण्यात आलं. त्याच्या पायथ्याचा प्रसिद्ध ‘पाण्याखालचा धबधबा’ हा उतारावरून वाहणाऱ्या वाळूनं केलेला भास आहे आणि तो फक्त हवेतून दिसतो. बोटीतून दाखवतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. शामारेलची प्रवेशफी आणि जेवण टूरच्या दरात धरलंय का, वाटेत किती दुकानांत नेणार, हेही आदल्या दिवशीच विचारून घ्यावं.

या फेऱ्यात पोर्ट लुईचा अप्रवासी घाट नसतो. जहाजातून उतरलेले मजूर ज्या दगडी पायऱ्या चढून आत गेले, त्या तिथे आहेत. शिवाय मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत: नाव, वय, जहाज, गाव, जिल्हा आणि पुढच्या काळातल्यांचे फोटोही. रत्नागिरी किंवा सावंतवाडीकडच्या कुणाचं माणूस असं दूर गेल्याचं घरात बोललं जात असेल, तर शोध तिथे सुरू करता येतो. त्यासाठी टूरखेरीज वेगळा दिवस राखून ठेवावा.